सतरा

दिवसभर मी दात बनवते.
मनामातल्या एका लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
अनोळखी माणसांच्या दाढा, सुळे, पटाश्या,
शेजारच्या चहाने पिवळ्या पडलेल्या दाताशी रंग जुळवत.
तोच ब्रश रात्री घरी आणते. तीन केसांचा.
बोटभर योद्ध्याचा डोळा रंगवायचा तर श्वास धरावा लागतो,
आणि खाली गुदैबियाच्या रस्त्यावर हॉर्न वाजला
की योद्धा तिरळा होतो.
माझ्याकडे चौदा तिरळे योद्धे आहेत.
मी ते पुन्हा रंगवत नाही.

बाबा अल्युमिनियमच्या कारखान्यात, पाळीवर.
दुपारी चारला टीव्हीवर
जपानचे डोंगराएवढे यंत्रमानव
शुद्ध, व्याकरणातल्या अरबीत बोलायचे.
मी आठ वर्षांची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी,
आणि अरबी ही पृथ्वी वाचवणाऱ्यांची भाषा.
बेकरीत जाऊन मी म्हणायची,
"हे वीरा, मजला चार रोट्या प्रदान कर."
तो पोट धरून हसायचा, पाचवी फुकट द्यायचा.

आई म्हणायची, मोठी झालीस की सुटेल.
लग्न सुटलं, भात सुटला,
हे नाही सुटलं.
जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचत राहिले.
रद्दीवाला खलील म्हणाला, बघ,
ही माणसं आमच्याच बाजूने चालतात.

एकदा विमानतळावर कस्टमवाल्याने पिशवी उलटी केली.
फासे. चार बाजूंचे, आठ, वीस बाजूंचे,
ट्रेमध्ये गोळ्या-बिस्किटांसारखे पसरले.
"जुगार?"
आईने घरात सारीपाटसुद्धा ठेवला नव्हता,
फाशांपायी राज्यं गेली म्हणायची.
माझ्या तोंडून निघालं ते दुपारी चारचं अरबी:
"कदापि नाही, हे सेनापती. आम्ही केवळ कथा रचतो."
तो थबकला. माझ्याच वयाचा, दाढीत पांढरं.
मग अगदी हळू
त्याने त्या यंत्रमानवाची आरोळी पूर्ण केली.
मागे रांग खोळंबलेली.
वीस बाजूंचा एक उचलून त्याने ट्रेमध्ये टाकला.
सतरा.
"चांगले आहेत का?"
म्हटलं, तुम्हाला काय करायचं होतं त्यावर आहे.
त्याने पिशवीची चेन लावून दिली.

गुरुवारी रात्री आठला माझ्या टेबलावर
जोव्हेलिन, दाताच्या दवाखान्यातली नर्स, जी धनुर्धर असते,
टाइल्स विकणारा थंपी, जो शाप देतो,
आणि बँकेतला मेहदी. तो चोर. इतका सज्जन चोर
की कुलूप फोडल्यावर मालकाला चिठ्ठी ठेवतो.
नकाशा जेवणाच्या प्लास्टिकवर मार्करने काढलेला.
बिर्याणीच्या तेलाचा डाग होता तिथे आता तळं आहे.
तळ्याला नाव आहे. तळ्यात दोघं बुडालेत.

इथे माणसं मरत नाहीत फारशी, जातात.
कागद रद्द, दोन बॅगा, शुक्रवारचं विमान.
माणूस गेल्यावर त्याच्या पात्राचं काय करायचं?
तेवीस वर्षांत हा एकच नियम माझा:
व्हिसा संपला म्हणून कोणी मरायचं नाही.
पात्र उत्तरेच्या डोंगरात जातं, शिधा घेऊन,
आणि त्याचा कागद निडोच्या डब्यात.
एकतीस कागद आहेत. कडेला हळद,
उरलेलं आयुष्य खोडून खोडून पुन्हा लिहिलेलं.

लॅबमध्ये आता दात छापणारं मशीन आलंय.
रात्री कोणी नसताना मी त्यावर एक ड्रॅगन छापला,
दाताच्याच पांढऱ्या रंगात. उत्तम आला. डोळेही सरळ.
मॅनेजर म्हणाला, मार्चपर्यंत बघू.

टेबलावर मी हे बोलले नाही.
पण पाळी आली तेव्हा जोव्हेलिनने फासा टाकलाच नाही.
म्हणाली, सुनेत्रा,
उत्तरेत एव्हाना गाव वसलं असेल ना? एकतीस माणसं.

मी पाहिलं. तिकडे नकाशा कोराच होता.
थंपीने ताटं उचलली.
मी मार्करचं टोपण काढलं,
आणि मेहदी म्हणाला,
आधी विहीर.