किती वेळा?

दापोडीत पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर
आमचा संध्याकाळचा क्लास.
खाली ज्वारी दळतात, वर आम्ही सातजण
की-बोर्डवर बसलेलं पीठ बोटानं पुसत
प्रोग्रॅमिंग शिकतो.

मॅडमचं वय माझ्या नोकरीएवढं. बावीस.
फळ्यावर लूप लिहून त्या वळल्या:
वत्सलाताई, आता आकडा आपण नाही घालायचा.
वापरणाऱ्याला विचारायचं, किती वेळा.

मी म्हटलं, कुणाला?
जो समोर बसेल त्याला.
मी पुन्हा म्हटलं, खरंच विचारायचं?

बावीस वर्षं भोसरीत वायरिंग हार्नेस बांधले.
तांबडी तीनमध्ये, काळी सातमध्ये, टेप, क्लिप, टेप,
बोर्ड पुढे सरकतो, दुसरा येतो.
तांबडी तीनमध्ये, काळी सातमध्ये.
आकडा भिंतीवर, लाल दिव्यांचा:
चारशे ऐंशी. दिवाळीआधी पाचशे चाळीस.
तो कोण टाकायचं, कुठे बसून,
ते लोणकर सुपरवायझरलाही ठाऊक नव्हतं.
वरून आलंय, म्हणायचा, आणि वर बघायचा,
पत्र्याकडे.

लूप म्हणजे काय ते मला शिकवू नका, बाई.
ती खोली दाखवा.

तर मी टाइप केलं.
किती वेळा?
पुढे कर्सर, उघडझाप, उघडझाप.
घाई नाही त्याला.
मी तीन लिहिलं. पडदा लाल झाला.

मॅडम वाकून म्हणाल्या, त्याच्या लेखी हे अजून अक्षर आहे, ताई.
तुम्ही लिहिलं म्हणून लगेच आकडा होत नाही.
हे मात्र मला झटकन समजलं.
जादा पाळीविरुद्धच्या अर्जावर
आम्ही एकशे बारा बायकांनी सह्या केल्या होत्या.
त्याही अक्षरंच राहिल्या.

इंट लिहून कंसात घातलं. पुन्हा तीन.
वत्सला
वत्सला
वत्सला

मोजतो म्हणे शून्यापासून. शून्य, एक, दोन.
तीन उच्चारत नाही, तरी तीन भरतात.
लोणकरला हे जमलं असतं तर
आमचा एक नग रोज वाचला असता.

शेजारचा हर्षल, बारावीला दोनदा बसलेला,
म्हणाला, मावशी, हजार टाका की.
टाकले.
माझं नाव पडद्यावरून वर वर पळत गेलं,
कुठेही अडखळलं नाही, पाणी प्यायला थांबलं नाही.
मी आपली उजवं मनगट चोळत बसले.
सवय.

मग, का कोण जाणे, शून्य टाकलं.
काही दिसणार नाही हां, मॅडम म्हणाल्या.
नाही दिसलं.
लाल ओळ नाही, तक्रार नाही.
त्यानं विचारलं, मी नको म्हटलं,
तो ते मानून पुढच्या ओळीवर गेला.

कंपनी चाकणला हलली त्या सकाळी
भिंतीवरही शून्यच होतं.
आम्ही एप्रन घालून तासभर त्याच्याकडे बघत उभ्या.
दिसायला अगदी असंच, गोल.
पण ते मी टाकलेलं नव्हतं.

खाली गिरणीचा पट्टा सुटला बहुतेक.
मजला थरथरायचा थांबला.
मॅडमनी विचारलं, काय झालं ताई?
मी म्हटलं, काही नाही, परत एकदा चालवते.
परत शून्य टाकलं.

नऊला सुटलो. घरचा अभ्यास:
पाढा छापा, कितीचा ते विचारून.
फाटक बंद. पुणे स्टेशनकडे जाणारी मालगाडी.
मी उभ्या उभ्या डबे मोजू लागले,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
सतरावर सोडून दिलं.
गाडी अजून जातच होती.