अर्थिंग

एप्रिल. सावद्यात त्रेचाळीस.
तीन ट्रक केळीच्या पैशांतून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर,
अक्रोडी बाजू, मुठीत मावेल अशी पितळी कळ,
आणि गाण्याआधीच गुऽऽऽ.

पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, केबल बदला.
बदलली.
गुऽऽऽ.

शेवटी रज्जाक पिंजारी आला.
जिनिंगमध्ये तीस वर्षं, अर्धे कान तिथेच राहिले.
त्यानं झाकणावर तळवा टेकवला,
बाप धनुकलीच्या तातीवर टेकवायचा तसा,
आणि उठून मागच्या दारी गेला.
‘मातीले तहान लागली, भाऊ.’

अर्थिंगच्या खड्ड्यात
ओंजळभर खडेमीठ, दोन बादल्या पाणी.

सुई तबकडीवर उतरली.
बासरीच्या आधी
केवढं मोठं काहीच नाही.

रज्जाकचा तळवा अजून झाकणावर.
‘लागली का?’
बासरीच्या वरताण विचारतो.