पाच सदरे

सिनेमावाले आले आणि विजयदुर्गाच्या धक्क्यावर
एकोणीसशे अडतीस साल उभं करायला
त्यांना अकरा दिवस लागले.
विजेचे खांब झावळ्यांनी झाकले,
बर्फाच्या कारखान्याच्या पाटीवर गोणपाट,
आणि आगबोटीचं नाक, फक्त नाक,
प्लायवूडचं.

मला काम मिळालं सदऱ्यांचं.
हरवणाऱ्या पोराचे पाच, एकाच ताग्यातले, निळ्या चौकडीचे:
एक कोरडा, एक ओला, एक फाटका,
एक फाटून ओला, म्हणजे खडकात सापडतो तो,
एक राखीव.
कापड त्यांनीच आणलेलं. चौकडी बघून मी काही बोललो नाही.
कपडेपटाची मुलगी म्हणाली, काका, आत माया सोडू नका,
कापड पुरायचं नाही,
आणि पोरगं काय वीस दिवसांत वाढणार आहे?
नाही सोडली.

पोरगं नाशिकचं होतं.
दिवसातून सात वेळा हरवायचं
आणि सात वेळा प्लायवूडच्या मागून
वडापाव खात बाहेर यायचं.

घोळक्यात उभं राहायला गावचीच माणसं घेतली,
माणशी पाचशे आणि जेवण.
सत्यवती कोयंडेला कुणी बोलावलं नव्हतं.
काठी टेकत आली, कंदील मागून घेतला,
म्हणाली, "माका म्हायत आसा कसा सोधूचा ता."
दिग्दर्शक खूश. चेहरा बघा, म्हणाला, चेहरा.
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

चौसष्ट साली मोसमातली पहिली बोट लागली त्या दिवशी
तिचा दिगंबर, वय आठ, धक्क्यावर गेला.
कुणी म्हणे पडावात चढताना दिसला,
कुणी म्हणे खाडीच्या तोंडाशी,
कुणाला दोन वर्षांनी रामेश्वराच्या जत्रेत, पाठमोरा.
फौजदाराने लिहिलं: अंगात निळ्या चौकडीचा सदरा.
तेवढं एकच खात्रीचं,
कारण ते माझ्या बापाच्या वहीतून उतरवलेलं.
वही आहे अजून. छाती चोवीस, उंची सतरा,
बाकी बारा आणे.
त्या ओळीवर बापाने काट मारली नाही, मीही नाही.

रात्री पावणेदोनला कंदील पेटले.
पोराचं नाव बाळकृष्ण. हाक मारायची: बाळू.
सत्यवतीने मारली, "दिगू रेऽऽ!"
कट. आजी, बाळू.
"दिगू रेऽऽ!"
कट.
पाचव्या वेळेला तो सहायक पोरगा
तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला, बहुधा चांगलंच,
ती मान हलवत राहिली
आणि मग पुन्हा तेच.
राहू दे, दिग्दर्शक म्हणाला, डबिंगला बघू.

कणकवलीला लागला तेव्हा गाडी करून गेलो.
सिनेमात उलगडा होतो. चुलता निघतो,
जमिनीपायी केलेलं असतं.
आईच्या हातात सदरा येतो आणि उत्तरही येतं.
बाहेर लोक सोडा पितात, निवांत.
पण मध्ये चार सेकंद सत्यवती आहे.
कंदील वर. आवाज कुणा भलत्याच बाईचा,
स्वच्छ, खोकल्याशिवायचा: बाळू.
ओठ मात्र आमच्या अख्ख्या रांगेला वाचता आले.

राखीव सदरा दुकानात खुंटीला राहिला होता.
ती आली. न विचारता काढून घेतला.
पाचशेची नोट मशीनवर ठेवली,
"बारा आणे," म्हणाली, "आणि ह्येचे."
मग उलटा केला. चष्मा नाही, नुसत्या बोटांनी
खालची दुमड चाचपली, बगलेची शिवण, बाही,
पुन्हा दुमड.
"माया नाय ठेयलंस रे?"

मी चाक हाताने धरून बसलो होतो.

"तुझ्या बापाशीन दोन बोटां ठेयलली," ती म्हणाली,
"वाढता आंग त्येचा."