लाभ

माप मोजताना एक म्हणायचं नाही.
पहिल्याला म्हणायचं लाभ,
मग दोन, मग तीन.
बाबांनी हे मला मस्जिद बंदरात शिकवलं,
शाळेच्या आधी.
पहिलीत बाईंनी फळ्यापुढे उभं केलं, मोज म्हणाल्या.
लाभ, दोन, तीन म्हणालो
आणि छडी खाल्ली, लाभाची.

नंतर बाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला.
बाबा आले, काटे आले,
वेलजीभाईंची गादी, गादीवरची फाटकी उशी,
गोदामातलं मांजरसुद्धा टेम्पोतून आलं.
राजधानी तेवढी पलीकडेच राहिली,
आ वासून.

ती किती खाते ते तिला विचारू नका.
मला विचारा.
शेअर गडगडले की बासमती पडून राहतो,
खिचडीचा तांदूळ नाही.
परीक्षा आल्या की साबुदाणा हलतो.
ज्या उन्हाळ्यात गिरण्यांच्या जागी टॉवर उठले
त्या उन्हाळ्यात ज्वारी कमी झाली
आणि ओट्स नावाचं काहीतरी
खोक्यातून आलं. त्याला मापाडी लागत नाही.

आकडा इथे दोघांकडे असतो.
पाटणच्या नामदेव झोरेच्या हातात लोखंडाचा,
माझ्या वहीत शाईचा.
त्याच्यानं पोतं फाटतं,
माझ्यानं ते शिवलं जातं :
घट, अमुक किलो.
सही. पुढचं पोतं.

ही घट कुठे जाते
हे मी बावीस वर्षं वहीत लिहिलं नाही.

कौतिकाबाई खंदारे
दुपारी तीनला गाळ्यांमधून निघते,
खराटा बुटका, पदर कमरेला,
लॉरीच्या चाकांमधून, फळ्यांच्या फटींतून
इंदूरचा चणा, लातूरची तूर,
ब्रह्मदेशाचा उडीद, आफ्रिकेतली कुठलीशी तूर
एकाच ढिगात ओढते.
रात्री दिव्याच्या खांबाखाली निवडते.
न बघता, बोटांनी.
'ही लातूरची न्हाई,' म्हणते,
'हिला आपली माती न्हाई लागली.'
व्यापारी नमुन्याची वाटी उजेडात धरून
अर्धा तास घालवतात तिथे.

मार्चमध्ये नोटीस लागली.
झाडणीचा ठेका निघाला.
जमिनीवर सांडलेल्यालाही आता मालक आहे.
बाईला दिवसाचे चाळीस, पावती मिळणार नाही.
म्हणजे जे वहीतून वजा झालं होतं
ते दुसऱ्या वहीत जमा झालं,
आणि मधे कौतिकाबाई,
जी दोन्हीकडे नाही.

त्या संध्याकाळी ती गाठोडं घेऊन काट्याशी आली.
'दादा, करा माप. कधी केलंच न्हाई.'
नवा काटा इलेक्ट्रॉनिक. लाल आकडे.
तो मोजतो, म्हणत काही नाही.
मी बाबांचा जुना काढला, कोनाड्यातला,
वजनांवरची धूळ शर्टाला पुसली.
तूर घातली पारड्यात,
सवयीनं थोडं झुकतं दिलं.

तिनं हात धरला माझा.
'झुकतं नगं. सरळ.'
'अगं, तुझंच आहे.'
'म्हनूनच.'

काटा थरथरत थांबेपर्यंत
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
मागे वेलजीभाईंचा नातू फोनवर
कांडल्याच्या बोटीचा भाव करत होता,
नामदेव तंबाखू मळत होता,
पामबीचवर दिवे लागले होते
आणि पलीकडे ती,
रात्रीच्या जेवणाला बसायच्या बेतात.

लाभ, मी म्हणालो.
मोठ्यानं.
ती पुढच्याची वाट बघत राहिली.
दुसरं माप भरायला
दोन मुठी कमी पडत होत्या.