कूलर

बर्डीवरच्या शाळेचा हॉल, अठ्ठ्याहत्तरचा मे,
सव्वा तासाचा मारवा, एक माइक, एक टेप.
शालिनी पाठराबे जाऊन वीस वर्षं झाली;
कंपनीला आता स्वच्छ प्रत हवी आहे.

खोकला काढला. तांब्या-भांड्याचा आवाज काढला.
अजनीकडे निघालेल्या गाडीची शिटी
नेमकी द्रुतच्या तोंडाशी आली होती, तीही पुसली.
मग उरली ती घरघर, आरंभापासून अखेरपर्यंत,
पांढरी पाचच्या केसभर वर.
एका बटणात गेली.

आणि बाई बेसुऱ्या झाल्या.

फार नाही. केसभर.
तीनदा ऐकलं, हेडफोन बदलले,
धंतोलीच्या कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आलो.
तरी तसंच.

त्या हॉलला तेव्हा सामान पुरवणारे नत्थूजी सातपुते
आता ऐंशीच्या पुढे. ऐकता ऐकता म्हणाले,
"अन् कूलर कुठी गेला गा?
तंबोरे उतरून राहिले होते गर्मीनं.
बाई त्यालेच धरून बसल्या होत्या."

मारव्यात षड्ज तसाही दडूनच असतो.
त्या संध्याकाळी तो वाळ्याच्या ताटीमागे होता,
पाणी टपकत.

प्रत मी पाठवली. हप्ते भरायचे असतात.
पण काढलेला कचरा यंत्र वेगळा ठेवतं:
सव्वा तास नुसती घरघर.
रात्री तीच लावून बसलो.
चाळिसाव्या मिनिटाला, खूप खाली,
घरघरीला चिकटून आलेला
कोमल रिषभ,
नखाएवढा.