पाणी सोडताना

मोयनाकमधून समुद्र आता दिसत नाही.
जीपने अर्धा दिवस वाळू तुडवली
तर म्हणे कुठेतरी लागतो.
ओतेनियाझ आतांच्या पायांत मात्र अजून भरती आहे.

अंगठ्याने नडगी दाबते. खळगा पडतो.
मी मनात मोजते : आठ, नऊ, दहा...
मळलेल्या कणकेसारखी कातडी
आळसावून वर येते.
रात्री तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपले म्हणे,
आडवं झालं की छातीत पाणी चढतं.

सून आयझादा वही उघडते.
काल एकाहत्तर किलो आठशे, आज एकाहत्तर सहाशे.
सकाळीच, लघवीनंतर, न्याहारीआधी,
त्याच काट्यावर, त्याच पातळ अंगरख्यात.
हे तिला शिकवायला मला एक आठवडा लागला,
आतांना काट्यावर चढवायला दोन.

अँप्यूल उजेडाकडे धरते.
पिवळी झाक नाही, खडे नाहीत.
नाव वाचते, मात्रा वाचते, तारीख वाचते, मोठ्याने,
खोलीत कुणी ऐकणारं असो नसो.
मग शीर. मग सावकाश.

"ढकल की एकदाची," आता म्हणतात,
"जाळं ओढताना आम्ही असा वेळ काढला असता
तर मासे म्हातारे झाले असते."
घाई केली तर कान जातात आता,
कानात काही गुणगुणलं तर लगेच सांगा.
"इंजिनाची घरघर? ती चाळीस वर्षं आहे."
नवं काही?
"नवं काय असणार इथे."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि माझा अंगठा
बरोबरीने चालतात.
थोड्या वेळाने दाराआडून बादलीचा आवाज येतो,
आयझादा खुणांच्या भांड्यात मोजून आकडा लिहिते.
असे सहा दिवस. सहा किलो उतरले. पाचव्या दिवशी आता आडवे झोपले.

सातव्या दिवशी जीभ कोरडी,
पिंढरीत वांब, उठताना भिंत धरली.
रक्तदाब चौऱ्याऐंशी, खालचा पन्नास.
तपासणीची नळी आदल्या दिवशीच नुकूसला गेलेली,
फोनवर डॉक्टर दावलेतियारांनी पोटॅशियमचा आकडा सांगितला
आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.
आज थांबा, ते म्हणाले, मी येतो.

सिरिंज मी पेटीतून काढलीच नाही.
आता चिडले. घोट्याकडे बोट दाखवलं :
हे बघ, इथे अजून आहे. काढ सगळं.

सगळं काढायचं नसतं, आता.

त्यावर ते गप्प झाले.
खिडकीबाहेर कुंपणाला टेकलेली गंजकी नाव,
तिच्या सावलीत सक्सौलचं झुडूप, एक शेळी.
बऱ्याच वेळाने बोलले, माझ्याशी नव्हे, त्या शेळीशी असावं :
"वरच्या अंगाला कालवे खणले, कापसाला पाणी हवं होतं.
हवंच होतं. आम्हीही तेच सदरे घालायचो.
दर साली एक हात मागे जायचा,
मग एक कोस.
आम्ही नावा ढकलत त्याच्या मागे गेलो,
मग एक दिवस त्याच्यावरच पाणी सोडलं.
त्याला कुणी रोज सकाळी
काट्यावर उभं केलं नाही, बीबिसारा."

मी पट्टा गुंडाळला.
वहीत त्या तारखेपुढे लिहिलं : दिलं नाही.
खाली कारण, वेळ, माझी सही.
एवढ्या वर्षांत सगळ्यात नीट अक्षर
बहुधा तेच आलं असेल.

डॉक्टर संध्याकाळी आले, धुळीने पांढरे.
पोटॅशियमचं औषध, नवी मात्रा, दोन दिवसांनी पुन्हा रक्त.
जाताना म्हणाले, आणि जर्दाळू खा, मोजून.

आयझादाने बशीत सहा ठेवले.
आतांनी एक चघळला,
बी तळहातावर काढून घेतली
आणि ती हळूच खिडकीच्या चौकटीवर ठेवली.
"इथे," ते म्हणाले,
"बरोबर इथे, चार वाव होतं."