समासातली पेन्सिल

मत्राहच्या बंदरामागची तीन मजली इमारत
आता दहा हजार तुकड्यांत विकायची आहे,
तुकडे मोबाईलवर, विटा जागच्या जागी.
हमूदशेठचा नातू मुहन्नद म्हणतो,
घेणारा सिंगापूरचाही चालेल,
त्याला कुठे जिना चढायचाय.

त्याआधी एक्केचाळीस भाडेकरार तपासायचे.
यंत्राला अकरा मिनिटं लागली.
मुदत, अनामत, दरवाढ, पोटभाडेकरूला बंदी,
सगळं आपापल्या रकान्यात जाऊन बसलं
घंटा झाल्यासारखं.
माझ्याकडे उरलं ते एवढंच:
जिथे यंत्र अडखळलं तिथे पिवळा ठिपका,
त्यावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, हे काय आहे.

बहुतेक ठिपके चहाचे होते.
एक झुरळाचा पाय.

दुकान क्रमांक सहा, घड्याळदुरुस्ती.
भाडेकरू दाऊद हमदुले, करार अरबीत, सन चौऱ्याहत्तर.
समासात पेन्सिलीची ओळ.
यंत्राचा अंदाज: नक्षी. खात्री एकतीस टक्के.

मी स्क्रीन मोठी केली.
नक्षी कसली, शिरोरेघ होती!
दापोलीकडच्या शाळेतलं वळण, र ला जरा जास्तच शेपूट:
"ज्या महिन्यात बोट लागणार नाही
त्या महिन्याचं भाडं नाही. शेठ कबूल."
खाली हमूदशेठच्या अंगठीचा शिक्का,
निम्माच उमटलेला.

शेठना मराठी येत नव्हतं,
हमदुलेंना अरबी जेमतेम.
मग हे कबूल झालं कुठल्या भाषेत?
पेरांवर महिने मोजून, बहुधा,
समुद्राकडे हात करून.

माझी वरिष्ठ मैथा म्हणाली, पेन्सिल म्हणजे पुरावा नव्हे.
मग शिक्क्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, तुझं भाषांतर प्रमाणित नाही.
मग म्हणाली, जेवून येऊ.

दोन पर्याय होते, चिन्ह किंवा मजकूर.
मी मजकूर दाबलं.
भाषा? यादीत मराठी नव्हती.
"इतर" निवडलं.
अट कधी लागू? त्या रकान्यात फक्त आकडे चालतात,
बोट चालत नाही.
तरी मी शेऱ्यात ती ओळ घातली, शेपटासकट.

संध्याकाळी दर तुकड्यामागे
किंमत तीन बैशांनी उतरली.
मुहन्नदचा फोन: हे तीन बैसे कुणाचे?

परतताना सहा नंबरवरून गेले.
हमदुलेंचा मुलगा, साठीचा, डोळ्याला भिंग लावून
कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता.
मान वर न करता म्हणाला,
ऑफिसवाल्या ना तुम्ही?
शटर रंगवून घेऊ, की थांबू?

प्रायमर तरी मार, म्हटलं.